दोन बंब

ओट्यापासून वरच्या कपाटापर्यंत त्रेचाळीस सेंटिमीटर.
तीनदा मोजलं, एकदा टेप उलटा धरून.
इटालियन यंत्र एक्केचाळीस:
बसेल, पण टाकीचं झाकण उघडणार नाही,
पाणी भरायला रोज अठ्ठावीस किलो पुढे ओढायचे,
आणि हेरंबचा मणका आधीच संपावर.

दुसरं ठेंगणं, दहा मिनिटांत तयार,
कपाळावर आकडा, त्र्याण्णव पूर्णांक पाच,
तापाच्या पेशंटसारखा.
पण पोटात प्लास्टिकच्या नळ्या;
बिघडलं की खोक्यात घालून पाठवा, वाट बघा.
इटालियनला तापायला चाळीस मिनिटं.
पहाटे पाच वीसला त्याला कोण उठवणार?
टायमर, हेरंब म्हणाला.
माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे टायमर असतो.

आमच्या घरच्याला एकच बंब.
आधी माझी काळी, अठरा ग्रॅमांची छत्तीस.
मग त्याची; मग बटण दाबून उभं राहायचं,
पाण्याची वाफ होईतो.
दूध फेसाळतं तेव्हा माझा कप विसळून पालथा,
आणि त्याची कॉफी तळाशी रुसून बसलेली.
सहा वर्षं एका टेबलाशी
आम्ही एकाच वेळी ऊन काही प्यायलो नाही.
तक्त्यात यासाठी रकाना नव्हता.

शनिवारी रेडिंगहून स्विंडनला,
जुन्या रेल्वे वस्तीत मॅल्कम हिलियरकडे गेलो.
त्याला इटालियन विकायचं होतं,
डॉक्टरांनी दिवसाला एकच कप ठरवून दिलाय,
आणि एका कपासाठी एवढं तापवायचं
म्हणजे एका पाहुण्यासाठी मांडव घालायचा.
हे माझे शब्द. त्याने नुसते खांदे उडवले.

पत्रा काढून आतले दोन बंब दाखवले,
एक कॉफीचा, एक वाफेचा.
चमचा घेतला. पहिल्यावर मारला: टण्ण.
दुसऱ्यावर: ठप.
‘इथलं पाणी खडूच्या टेकड्यांतून येतं,
याने आतून दगड धरलाय. शंभर पौंड कमी द्या.’
त्याचे वडील कारखान्यात इंजिनांचे बॉयलर
असेच ठोकून ऐकायचे,
ऐकून ऐकून ठार बहिरे झाले.
मग चहा झाला की आई
चमच्याने कपावर वाजवायची,
आणि त्यांना ते टेबलातून, कोपरात कळायचं.

मी तक्त्याची घडी करून पर्समध्ये ठेवली.

लिंबूसत्व घालून तीन रात्री उकळलं.
पहिल्या रात्री ताक निघालं, दुसऱ्या रात्री कांजी,
तिसऱ्या रात्री पाणी.
कपाटाखाली बसलं, पण झाकण खरंच उघडेना,
तेव्हा आता ते जेवायच्या टेबलावर असतं,
त्याला वळसा घालून मीठ मागायचं.

आज सकाळी दोन्ही कप एकदम.
समोरासमोर बसलो. वाफ दोन्हींची.
तोंडची बराच वेळ कोणी दवडली नाही.
मग हेरंबने चमचा उचलला,
माझ्या कपावर हलकेच वाजवला,
आणि विचारलं, आलं का कोपरात?

नाही, म्हटलं. परत.