दुसरा ब्रेक

खळदकर सरांच्या जुन्या गाडीला
ब्रेक दोन.
एक माझ्या पायाखाली, एक त्यांच्या.
माझ्यावरचं रबर अजून खरखरीत,
त्यांचा झिजून चकचकीत
माझ्या उलथन्याच्या कडेसारखा.

बावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला निघाले
तेव्हा घरात सगळे हसले.
सर हसले नाहीत. म्हणाले,
'आरसे लावून घ्या. आधी मागचं बघू.'

सकाळी सव्वासहा. कोथरूड डेपो, कर्वे पुतळा,
मग नळ स्टॉप.
सिग्नलवर आकडे उतरत होते,
चारवर आले आणि आख्खं पुणं सुटलं.
मी थांबलेली.
मागच्या रिक्षाने हॉर्नवर अंगठा ठेवला
तो ठेवलाच.
माझे कान तापले.
'वाजवू दे,' सर म्हणाले,
'त्याचा हॉर्न, त्याची बॅटरी.'

चिडले ते एकदाच.
माझं पुढचं चाक झेब्रा पट्ट्यावर गेलं तेव्हा.
'बघा, कुणाच्या अंगणात शिरलात.'
पट्टे इतके पुसट की अंगण म्हणवेना.
पण एक बाई दुधाच्या पिशव्या सांभाळत
माझ्या बंपरला वळसा घालून
भर रहदारीत उतरली, पुन्हा पट्ट्यावर आली.
बोलली काहीच नाही.
बोलली असती तर बरं.

'तुमच्या पायाला सुट्टी कधी?' मी विचारलं एकदा.
'कसली सुट्टी!
पिक्चर बघताना दाबतो, जेवताना दाबतो,
नातू पळत आला की फरशी दाबतो.
झोपेतसुद्धा. मग ही विचारते,
कोण आडवं आलं?'
मी हसले.
सर खिडकीबाहेर बघत राहिले
डहाणूकर कॉलनी येईपर्यंत.
कोण आडवं आलं होतं,
ते मी नाही विचारलं.

शेवटचा दिवस. पौड फाटा.
उलट्या बाजूने एक पोरगा स्कूटरवर,
हेल्मेट कोपरात, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये.
माझ्या तोंडात शिवी तयार होती,
पण पाय तिच्याआधी पोचला.
गाडी थांबली. पोरगा गेला,
आपण वाचलो हे न कळताच गेला.
मी सरांकडे पाहिलं.
दोन्ही पाय सीटखाली ओढलेले, चपला काढलेल्या,
एसटीची वाट बघत बसल्यासारखे.
'केव्हापासून?'
'म्हात्रे पुलापासून,' ते म्हणाले,
आणि चपला शोधायला वाकले.

आता शेजारची सीट रिकामी.
तिच्यावर पर्स, कधी मेथीची जुडी.
परवा एका आजोबांवर हॉर्न वाजवला मीच,
उगाच, उशीर झाला होता म्हणून.
ते दचकले. हातातली काठी
आधी माझ्याकडे वळली, मग रस्त्याकडे.
दिवसभर ती काठी डोळ्यांपुढून हलेना.

मेट्रोच्या खांबाआडून
एखादं पोर चेंडूमागे धावत येईल.
आलेलं नाही अजून.
खांब दिसला की
पाय आपोआप सरकतो.