तेरावा होल

मैदान नऊच होलांचं.
अठरा खेळायचे तर तेच पुन्हा फिरायचं.
म्हणजे तेरावा हा खरं तर चौथाच,
फक्त दोन तासांनी म्हातारा झालेला.
सकाळी इथे मी चारात होल केला होता.
आता त्याच कडुनिंबाखाली
माझ्याआधी माझी सावली बसून घेते.

आमच्याकडे ग्रीनला ग्रीन म्हणायचं ते नुसतं रिवाजानं.
वाळू आणि जळकं तेल, तपकिरी गोल,
नवतप्यात त्यावर पापड भाजेल.
म्हणून मार्च सरत आला की साडेपाचलाच पहिला फटका,
कामठी रोडवर ट्रकांचे दिवे अजून विझलेले नसताना.

चौतीस वर्षं कोळशाच्या खाणीत उतरलो, चढलो.
उमरेड, सावनेर, मग पुन्हा उमरेड.
दम लागायचा, पण तो कामाचा असायचा,
जेवलं की जायचा.
हा जात नाही.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी तीन नळ्या रक्त काढलं.
साखर बरी, थायरॉईड बरं,
बी-ट्वेल्व्ह जरा कमी, ते काय सगळ्यांचंच.
मग दमतो कशानं?
त्यांनी कागद पुन्हा वरपासून वाचला.
‘वय एकाहत्तर लिहिलंत, ते बरोबर आहे?’
बरोबर आहे.
‘हं,’ म्हणाल्या,
आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली.

दुखत काहीच नाही, हेच सांगता येत नाही कुणाला.
थकवा क्लब उचलू देतो,
मागे नेऊ देतो,
आणि वर, खांद्याच्या मागे,
जिथे क्षणभर थांबायचं असतं
तिथे आपला हात काढून घेतो.
बॉल जातो. जातोच.
पूर्वी त्याच्याकडे बघत राहायचो,
आता तो कुठे पडेल ते आधीच ठाऊक असतं.

आज पडला टिटवीच्या घरात.
घर कसलं, उघड्या जमिनीवर चार खडे,
त्यात चार अंडी, मातीच्याच रंगाची,
आणि भोवती विटांचे तुकडे, गोल मांडलेले.
‘म्या ठेवले,’ शालिक म्हणाला.
‘रोलरवाला पोट्टा पाहत नाही ना खाली.’
पाचवं अंडं माझं, पांढरं, कंपनीचं नाव छापलेलं.
टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती,
आम्हा दोघांना सारख्याच शिव्या देत.

‘फ्री ड्रॉप घ्या साहेब.’
‘घेतो. जरा बसू दे.’
तेव्हा पाहिलं,
शालिक आधीच बसला होता.
शालिक उइके, तेराव्या वर्षापासून बॅगा वाहतोय,
सहासष्ट झाला असेल, नक्की त्यालाही माहीत नाही.
पट्ट्यानं खांद्यावर पाडलेली खाच
शर्टावरूनही दिसते.
‘बॅग जड झाली का रे?’
‘बॅग तेवढीच हाये, बाप्पा.
रस्ताच लंबा झाला.’

मी माझ्या थकव्याची एवढी तपासणी केली,
तीन नळ्या भरून,
आणि तो माझ्या मागे चालत होता
दुसऱ्याचा थकवा खांद्यावर घेऊन.

त्यानं खिशातून संत्रं काढलं, मृग बहराचं,
जाड सालीचं, आत सैल.
अर्धं माझ्या हातावर ठेवलं.
बिया आम्ही एकाच बाजूला थुंकत गेलो.
उन्हानं बाकाची एक कड तापवली, मग दुसरी.

कार्डावर बारा आकडे होते.
तेराव्याच्या चौकोनात मी पेन टेकवलं,
काही लिहिलं नाही.
बॉल तिथेच राहू दिला.
तिला उबवायचा तर उबवो.

परतताना बॅगेचा पट्टा त्यानं एका हातानं धरला,
खालचं टोक मी.
पाण्यानं भरलेला गुंड दोघं नेतात तसे
पावलाला पाऊल जुळवत, चुकवत.
‘उद्या किती खेळता?’ त्यानं विचारलं.
‘नऊ.’
तो काही बोलला नाही.
‘बरं, पाच.’
‘चौथ्यापासून सांभाळून मारा मंग,’ म्हणाला,
‘पिल्लं निघतीन या आठोड्यात.’