इथेच

घर घेतलं ते वायरमन हलकुड्यांचं, उदगीरला,
शिक्षक कॉलनीच्या मागच्या ओळीत. शहाऐंशीचं बांधकाम.
माझ्या भावानं सगळ्या खोल्या फिरून
एकच वाक्य टाकलं : पाडा अन् नवं बांधा.
पाडायला काय जातंय.

म्हणून शंभर पानी वही आणली.
पहिल्या पानावर मन्मथनं लिहिलं : आपलं आपण करायचं. रविवारी.
खाली माझी यादी.
हॉलमधलं बाटलीहिरवं बेसिन
(पाहुण्यानं सोफ्यावरून उठून थेट चूळ भरावी,
हा कुणाचा बेत?)
स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ताटं सरकवायची खिडकी,
आता तिच्यातून फक्त फोडणीचा ठसका सरकतो.
टेलिफोनचा कोनाडा, टेलिफोन नसलेला.
न्हाणीत बंबाच्या धुरासाठी ठेवलेलं भोक,
त्यात साळुंकीचा संसार.
'हे राहू दे', मन्मथचं अक्षर, समासात.

पहिल्या रविवारी नळाचा वायसर बदलायला सहा तास गेले.
पाणी आठव्या दिवशी येतं,
त्यामुळं जमलं का नाही ते आठव्या दिवशी कळलं.
नाही.

मोहसीनभाईच्या हार्डवेअरमध्ये
'भाभी, मिस्त्री भेजूं क्या' आता कुणी विचारत नाही.
ड्रिल भाड्यानं मिळतं, वर दोन स्क्रू फुकट.

हलकुडे भिंतींवर लिहायचे, हे हळूहळू उघडं पडलं.
मीटरच्या लाकडी पेटीत : 'फ्यूज काढण्याआधी चप्पल घाला.'
माळ्याच्या तोंडाशी : 'येथे खिळा मारू नये. आत वायर.'
दारामागच्या काळ्या गोल बटणाखाली :
'याचा काही उपयोग नाही.'
ते बटण मी तरी दाबतच राहिले, जाता येता, महिनाभर.

मग शोकेस.
भिंतभर, सरकत्या काचांचं, अक्रोडी सनमायका लावलेलं.
यादीत त्याच्याखाली मी लाल पेनानं दोनदा रेघ ओढलेली.
बावीस स्क्रू, त्यातले तीन गंजून भिंतीचेच झालेले.
मन्मथ स्टुलावर, मी खालून : डावीकडं, अरे तुझ्या डावीकडं.
निघालं.

मागं भेग.
कोपऱ्यातून तिरपी उतरलेली, माझ्या वितीनं पाच वीत.
टोकाशी पेन्सिलीची बारीक आडवी रेघ, अन् शेजारी
'३० सप्टें. ९३. इथपर्यंत.'
'१५ ऑक्टो. इथेच.'
'दिवाळी. इथेच.'
'मे ९४. इथेच. मुलं आजपासून आत झोपतील.'
'९७. इथेच.'
पुढं काही नाही.

मग शोकेस बसवलं असणार.
चार वर्षं भिंतीवर पाळत ठेवून
तिच्यासमोर काचेची बदकं मांडायचा
धीर झाला असणार एखाद्या रविवारी.

मन्मथ स्टुलावरच बसला.
तेव्हा तो सातवीत होता, लामजन्याला.
दिवाळीपर्यंत अंगणात, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यांवर,
एवढंच सांगतो तो कधीतरी,
अन् पोत्यांचं कूस अंगाला टोचायचं, हे.
त्याच्या पलीकडं मी विचारलेलं नाही, बावीस वर्षांत.

मी पुट्टी भिजवून ठेवली होती.
घमेल्यात ती घट्ट होत गेली.

मी मोबाइलचा उजेड धरला.
तो नाक भिंतीला लावून बघत राहिला,
रेघेच्या अलीकडं, पलीकडं, पुन्हा अलीकडं.
मग कानावरची पेन्सिल काढून
आज तारीख काय, एवढं विचारलं त्यानं.

सांगितली.

संध्याकाळी वहीत शोकेसपुढं बरोबरची खूण केली.
भिंतीचा रंग पुढच्या पानावर ढकलला.
ती पुट्टी फोडायला छन्नी लागली, तिचे साठ रुपये.
बेसिन राहिलंय.
नळ अजून गळायलाय.