सहा दहाची

स्टॉपच्या खांबाला पत्र्याची पाटी आहे,
तिच्यावर आकडे होते कधीतरी.
आता गंज, आणि कुणीतरी चिकटवलेलं
'घरबसल्या पापड लाटा'. खाली फोन नंबर, तोही अर्धा.

जुनी शेड नेली मेट्रोवाल्यांनी.
मग नवी आली, स्टीलची, दिवसाही दिवे लागलेली,
छप्पर इतकं उंच की ऊन तिरकं येऊन
थेट मांडीवर बसतं.
आणि मांडी तरी कुठली? बसायला एक नळी,
उतरती. तिच्यावर टेकायचं,
घसरायचं, पुन्हा टेकायचं.
पावसात आम्ही सगळे भिजतो,
जाहिरातीतला तरणतलाव तेवढा कोरडा.

पाष्टेकाका त्या शेडमध्ये पाऊल टाकत नाहीत.
पलीकडे, भांडुपच्या टाकीच्या भिंतीला टेकून उभे.
तीस वर्षं गिरगावच्या छापखान्यात
पंचांगाचे खिळे जुळवले त्यांनी,
घटका, पळं, राहुकाळ कधी सुटतो,
एक आकडा हुकला तर कुणाचं तरी लग्न हुकायचं.
अशा माणसाला 'येईल हो, येतच असेल' चालत नाही.

त्यांनी वही घातली. नातवाची, उरलेली,
पहिल्या चार पानांवर त्रिकोणाची प्रमेयं.
मग:
सोमवार. सहा दहाची – सहा एकोणचाळीस.
मंगळवार. सहा दहाची – आली नाही.
बुधवार. सहा दहाची – दोन एकदम, मागची रिकामी, थांबली नाही.
गुरुवार. मी तापात. नसीमबानू म्हणतात सहा एकावन्न. खात्रीची नाही.
'खात्रीची नाही'च्या खाली दोन रेघा.

मी मुलुंडच्या शाळेत शिपाईण. पहिली घंटा माझी.
उशीर झाला की ती दुसरं कुणीतरी देतं
आणि दिवसभर मला वाटत राहतं,
पोरं चुकीच्या वेळी मोठी होतायत.

साडेतीन महिन्यांनी वही घेऊन डेपोत गेलो.
तिथल्या वाघमोडे मॅडमनी पानं उलटली,
त्रिकोणांपाशी थांबल्या, हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "रस्ता खणलेला, ड्रायव्हर कंत्राटाचा,
सहा दहा हे कागदावरचं सहा दहा.
पण असं कुणी लिहून आणलं नव्हतं."
झेरॉक्स काढून घेतली. चहा पाजला.
आम्ही म्हटलं, झालं, चहावर भागवलं.

अठरा दिवसांनी, शुक्रवारी,
सहा दहाची सहा दहाला आली.

स्टॉपवर कुणी नव्हतं.

नसीमबानू नळावर, पाष्टेकाका
चष्म्याशिवाय चष्मा शोधत,
सगळ्यांच्या अंगवळणी सहा पस्तीस.
मी ऐकला खिडकीतून चढावर गिअर बदलल्याचा आवाज,
कचऱ्याची गाडी असेल म्हणून वेणी घालत राहिले.
पानवाला सांगत होता, थांबली हो,
दार उघडलं, मिनिटभर तशीच,
मग दार मिटून गेली.
कुठेतरी नोंद झाली असणार: प्रवासी शून्य.
शून्याचं पुढे काय करतात ते आम्हाला ठाऊक आहे.
रात्रीची नऊ वीसची अशीच गेली.

शनिवारी पाच पन्नासला सगळे हजर.
काका दाढी करून.
नसीमबानूंनी सुनेला उठवून आणलेलं,
तिला कुठेच जायचं नव्हतं,
आकडा वाढावा म्हणून.
नळीवर ओळीने टेकलो सातजण,
पाष्टेकाकाही, पहिल्यांदाच,
घसरत,
चढाकडे बघत.

वहीत नवं पान. वार घातला, तारीख घातली.
'सहा दहाची' लिहून एक आडवी रेघ.
पेनाचं टोपण त्यांच्या दातात,
रेघेपुढची जागा कोरी.