दाखला

पुण्याहून फोन : काकू, वादळाची बातमी आहे,
आम्ही येत नाही.
आगाऊ दिलेले सहा हजार तेवढे…

सहातले चार नव्या अभ्र्यांत गेले,
दीड हजारांची सुरमई
बर्फात डोळे उघडे ठेवून पडलीय.

दोन दिवस आचऱ्याच्या खाडीवर माडाचं पातं हललं नाही.
वादळ ओमानकडे वळलं म्हणे.
वर ओढलेल्या होड्यांच्या सावलीत कुत्री झोपली.

पुन्हा फोन :
विम्यात नुसती भीती बसत नाही हो, काकू.
एक दाखला द्या, छप्पर उडालं म्हणून.
तुमचं काय जातंय?

रात्री बॅटरी घेऊन कौलं पाहिली.
मागच्या पडवीचं एक सरकलंय,
तेही वांदरांनी.
उडालं असं कसं लिहू?
अजून सोळा हप्ते आहेत त्याचे.

लिहिलं ते असं :
घर जागेवर आहे. खिडकीतून समुद्र दिसतो.
उरलेले पाचशे परत पाठवते.
दिवाळीनंतर या,
अभ्रे कोरेच आहेत.

खाली सही, कुमुदिनी पराडकर.
मग विळी ओढली
आणि सुरमईला मीठ लावायला बसले.