चुकीवर बोट

वादसो गावात नोव्हेंबरअखेर सूर्य जातो
तो जानेवारीतच परततो.
मधल्या दिवसांत सगळेच चाचपडतात.
खालच्या मजल्यावरचा आयलर्ट म्हणतो,
आलात ना शेवटी माझ्या गल्लीत?

बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी फुटली
तेव्हा तो त्रेचाळीसचा होता.
आता खिशात फोन, फोनमध्ये एक बाई,
दुप्पट वेगानं बोलणारी, न थकणारी:
दूध परवापर्यंत चालेल.
हा मोजा निळा, तो काळा.
बस चार मिनिटांत.
वीजबिलसुद्धा ती अशा सुरात वाचते
की भरावंसं वाटतं.

मंगळवारी रॅग्नफ्रिड यायची.
सत्तरीची, जन्मापासून आंधळी,
पिशवीत पाटी, टोचा, जाड कागद
आणि वेलदोड्याचे पाव.
"कशाला हे? सगळं वाचून दाखवते की ही."
"वाचते ना. ती वाचते.
तू कुठं वाचतोस?"

पाने फिरवून राठ झालेली त्याची बोटं.
सहा टिंबं म्हणजे त्यांना
टेबलावर सांडलेलं मीठ.
पाव संपेपर्यंत तो शिकायचा.
एकदा विजयी आवाजात म्हणाला,
उणे बावीसला फोनचा दगड होतो, तुझी पाटी चालेल.
ती म्हणाली, बोटांचाही दगडच होतो रे,
हातमोजे घाल.

मग एक पाकीट आलं, बूडोहून.
तिथं त्याची मुलगी असते, तूवा,
नऊ वर्षांची, आईकडे.
त्यानं कागद टेबलावर पसरला, वर फोन धरला.
बाई म्हणाली: पांढरा कागद. मजकूर नाही.
दिवा जवळ ओढला. फोन तिरका केला.
पांढरा कागद.
पोरीनं कोरा कागद का पाठवावा,
याचा तो हात तसाच कागदावर टेकून
विचार करत बसला,
आणि तळव्याखाली
मीठ होतं.

चार ओळींना पाऊण तास लागला.
कुणी मोठ्यानं वाचलं नाही, भिंतींनी ऐकलं नाही.
तिच्या शाळेत एक कोल्हा आला होता.
तिचा दात पडला होता.
कुठं ती थांबली, कुठं तिनं जोर काढला,
एका टिंबाशी तर कागद आरपार फाटलेला.

पण सुरुवातीचा शब्दच लागेना.
त्यांच्याकडे बापाला म्हणतात फार.
पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं,
अक्षर उलटं, म्हणजे पलटल्यावर सुलटं.
बाकी सगळं तिनं नीट उलटवलं,
पहिल्याच अक्षराला विसरली.
एफचा डी झाला.
फारचं झालं दार.

फोनवर लिहिलं असतं तर
यंत्रानं आधीच सुधारलं असतं,
त्याला कळलंही नसतं.

रॅग्नफ्रिड म्हणाली, नवशिक्यांचं होतं असं,
आण, नखानं एक टिंब दाबते, एक नवं टोचते.
त्यानं कागद मागे ओढला.
चुकीवर बोट ठेवून बसला होता,
उचलायलाच तयार नाही.

त्याच संध्याकाळी मी त्याचं टपाल द्यायला खाली गेले.
उंबऱ्यातच त्यानं विचारलं,
"आमच्यात हा शब्दच नाही.
तुझ्या भाषेत आहे का काही, दार?"
"आहे," म्हटलं,
"आत्ता तू उघडलंस ना, ते."

तो काही बोलला नाही. आत गेला.
पाटीत कागद अडकवल्याचा आवाज आला,
मग टक्, टक्, बराच वेळ काही नाही, टक्.
मध्येच त्यानं फोनला विचारलं,
बूडोला पत्र किती दिवसांत जातं?
बाई म्हणाली: चार.