तूस, कणी, कोंडा

मेढ्याला माझी भाताची गिरणी आहे
आणि मागे तुसाचा ढीग, दोन पुरुष उंच.
पौषात सकाळी तो वाफाळतो.
त्याच ढिगाला एका रविवारी
सुभेदार निवृत्ती शेलारांनी शिडी लावली
आणि पायांना फळ्या बांधून वरून खाली आले.
अर्ध्यातच रुतले.
"रुंद पाहिजे," एवढंच म्हणाले, मिशीतला तूस झाडत.

चार जोड होते त्यांच्याकडे, लष्करानं मोडीत काढलेले,
गोणपाटात गुंडाळून एसटीतून आणलेले.
कंडक्टरनं त्यांचं हाफ तिकीट फाडलं होतं म्हणे.

औलीच्या शिबिराला आमच्याकडची दोघं निघाली होती:
प्रणाली, दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीएवढी,
आणि तिचा मावसभाऊ हर्षल,
कबड्डीत ज्याच्याखालून तिघं निघतात.
दोघांनाही तोच हवा होता, लांबलचक लाल जोड.
सुभेदारांनी तो उचलून भिंतीला टेकवला.

"बर्फ काय एकच असतो?
मालक, जरा सुपात घ्या."
मी घेतलं.
कोंडा: रात्रीतून पडलेला, बोट ठेवलं की बुडतं.
इथं रुंद फळी, होडीसारखी.
कणी: उन्हानं सुटलेला, रात्री गोठलेला, परत सुटलेला.
इथं बहुतेक सगळं चालतं, माणूस सोडून. माणूस माजतो.
"आणि हा," म्हणत त्यांनी फरशीवर टाच आपटली,
"हा फक्त धारेला ऐकतो."
मग कानस मागवली, कड घासली,
अंगठ्याच्या नखावर ओढून पाहिली.
नखाचा भुगा निघाला तेव्हा कुठं मान हलली.

शाळेमागच्या उताराला ताडपत्री, तिच्यावर साबणाचं पाणी.
ताठ फळीवर प्रणाली गेली ती थेट करवंदीत.
तिच्या वजनाला फळी वाकेचना.
मऊ फळी हर्षलखाली भाकरीसारखी दुमडली.
अदलाबदल केली. पुन्हा. पुन्हा.
अख्खं गाव चहा घेऊन बांधावर बसलं होतं.
बूट घालताना एकच प्रश्न, दहा वेळा:
"टाच उठते का? खरं सांग. उठते का?"

शेवटी त्यांनी दोघांना माझ्या काट्यावर उभं केलं,
तांदळाची पोती चढतात तिथं.
सत्तेचाळीस. ब्याण्णव.
उतरवलं, पुन्हा चढवलं, बुटांसकट, मग बुटांशिवाय.
प्रत्येक आकड्याला फळीचा स्क्रू
गव्हाच्या दाण्याएवढा फिरवला.
मी म्हटलं, सुभेदार, काटा सरकारी शिक्क्याचा आहे.

ते खाली बसूनच बोलले, पेचकस हातात:
"आमचा एक नायक होता. मोहन डोगरा.
घाई होती, मी माझाच जोड दिला त्याला.
पडला. फळी सुटली नाही.
सुटणार कशी, स्क्रू माझ्या वजनाला होता."
पुढं काही बोलले नाहीत.
पट्टा फिरत होता. मीही गिरणी बंद केली नाही.

प्रणालीचा फोन महिन्याभरानं आला,
सुभेदारांना नाही, मला.
त्यांचा लागत नव्हता.
"काका, काल कोंडा होता गुडघाभर,
आज सकाळी तुमची फरशी,
आता दुपारी कणी, एकदम आंबेमोहोराची, बारीक."
मागे वारा होता, कुणीतरी हिंदीत ओरडत होतं.

मी बर्फ पाहिलेला नाही.
पण हातातली कणी बराच वेळ चाळत बसलो.

संध्याकाळी सुभेदारांना सगळं सांगितलं.
ऐकून घेतलं. मग विचारलं,
"जेवते का नीट? वजन वाढलं असेल
तर स्क्रू फिरवायला सांगा."